वाळूतले तेल आणि भूमीची ठेव

लहानपणी शाळेत भर्तृहरीच्या नीतिशतकातील मूर्खाविषयीचा श्लोक वामनपंडितांच्या मराठी रूपात आम्हां सर्वांस पाठ करावा लागे. हट्टी मूर्खाचे मन वळविणे किती दुर्घट आहे हे सांगण्यासाठी कवीने तेथे तीन अशक्य गोष्टी योजिल्या आहेत: वाळूतून तेल काढणे, मृगजळाने तहान भागविणे आणि रानात हिंडून सशाचे शिंग मिळविणे. एक वेळ ही तिन्ही साधतील, परंतु ते एक साधणार नाही, असा त्याचा अभिप्राय. आमचे गुरुजी हा श्लोक प्रयत्नाची महती म्हणून शिकवीत, आणि आजही तो तशाच अर्थाने सभासंमेलनांतून ऐकू येतो. वस्तुतः तो तसा नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. वाळूचा चरण तेवढा लोकांच्या तोंडी राहिला. ज्या चरणासाठी श्लोक रचला गेला तो मागे पडला.

सशाचे शिंग अद्याप कोणास मिळालेले नाही. वाळूतून तेल मात्र कॅनडा देशाच्या आल्बर्टा प्रांतात १९६७ सालापासून कारखान्याच्या प्रमाणावर निघत आहे, आणि आज ते दररोज तीस लाख पिंपांहून अधिक निघते. कवीने अशक्य म्हणून योजिलेली गोष्ट मनुष्याने करून दाखविली. तेव्हा आता त्या विसरलेल्या चरणाचे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या विषयाकडे माझे लक्ष वळण्याचे निमित्त घरगुती आहे. माझा एक भाचा त्या प्रांतात अभियंता आहे. आमच्या देवस्थानच्या सभामंडपाचे छप्पर बदलावयाचे ठरले तेव्हा त्याने चांगली भरघोस देणगी पाठविली. कमिटीच्या बैठकीत ती जाहीर झाली, सर्वांस समाधान वाटले. एक वयोवृद्ध महाजन मात्र थोडा वेळ गप्प राहिले. त्यांचे वडिलार्जित शेत खाणीच्या तांबड्या गाळाखाली गेलेले आहे. ते हळूच म्हणाले, "हे पयशे कसले रे?" मी सांगितले की तेलाच्या कंपनीतील पगाराचे. "कसले तेल?" वाळूतून काढतात ते, मी म्हटले. मला वाटले, श्लोक आठवून ते हसतील. ते हसले नाहीत. घाण्यातून खोबरेल काढल्यावर पेंड उरते, ती गुरे खातात, हे ज्याने आयुष्यभर पाहिले आहे त्याने विचारावा असाच प्रश्न त्यांनी विचारला: "आणि मग त्या वाळूचे काय करतात?"

पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा मला अधिक खोल वाटला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी जे वाचले व भाच्याकडून जे समजून घेतले, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

उत्तर आल्बर्टात, अथाबास्का नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या आसपास, सुमारे १ लाख ४२ हजार चौरस किलोमीटर प्रदेशाखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रफळाखाली, डांबरमिश्रित वाळूचे थर आहेत. यास तेल म्हणणे ही सौजन्याची भाषा झाली. वाळूच्या कणाभोवती पाण्याचा अतिसूक्ष्म पापुद्रा आणि त्याच्या बाहेरून डांबराचा लेप, अशी याची रचना आहे. वजनाने पाहिले तर शंभर भागांत डांबर साधारण दहाबारा भाग. हिवाळ्यात हा पदार्थ दगडासारखा कठीण होतो आणि उन्हाळ्यात पायाला चिकटतो. पूर्वी त्यास सर्रास 'टार सँड' म्हणत. उद्योगास बरकत आली तसे 'ऑइल सँड' हे नाव रूढ झाले, आणि आता कोणी जुने नाव उच्चारले की तो विरोधकांपैकी समजला जातो. शब्दांचे असे सोवळे-ओवळे आपल्यासही अपरिचित नाही.

ही वाळू काही नव्याने सापडलेली नाही. त्या नदीकाठचे मूळ रहिवासी काठांतून झिरपणारे डांबर घेत, स्प्रूस वृक्षाच्या डिंकात ते मिसळीत आणि आपल्या होड्यांचे सांधे त्याने बुजवीत. अलेक्झांडर मॅकेंझी याने १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात याची नोंद केली आहे. त्या लोकांची गरज होडीच्या सांध्याएवढीच होती. यावरून ते सारे संत होते आणि आपण सारे लोभी, असा सोपा निष्कर्ष मी काढीत नाही. साधन नसणे आणि संयम असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संयमाची परीक्षा साधन हाती आल्यानंतर सुरू होते.

साधन हाती आले ते विसाव्या शतकात. कार्ल क्लार्क नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात, आल्बर्टा विद्यापीठाच्या परिसरात, ऊन पाणी आणि थोडा क्षार यांच्या साहाय्याने वाळू व डांबर वेगळे करण्याची रीत सिद्ध केली. वाळू खाली बसते, डांबर फेसाबरोबर वर येते. रीत इतकी साधी की गृहिणीस ती परकी वाटू नये. तथापि तिला मोठ्या कारखान्याचे रूप येण्यास चाळीस वर्षे लागली. १९६७ च्या सप्टेंबरात 'ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स' या कंपनीचा कारखाना सुरू झाला. क्लार्क त्याच्या काही महिने आधी, १९६६ च्या डिसेंबरात, निवर्तला होता.

मधल्या काळातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५८ च्या सुमारास अमेरिकेतील रिचफील्ड ऑइल या कंपनीच्या मॅन्ली नॅटलँड नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने अशी सूचना केली की, या वाळूच्या थराखाली जमिनीत खोल अणुस्फोट घडवावा. त्याच्या उष्णतेने डांबर पातळ होईल आणि मग ते नेहमीच्या तेलाप्रमाणे उपसता येईल. ही कल्पना त्यास अरबस्तानच्या वाळवंटात सूर्यास्त पाहताना सुचली असे सांगतात. वाचकांस ही थट्टा वाटेल. परंतु तिच्यावर सरकारी समित्या बसल्या, फोर्ट मॅकमरे गावाच्या दक्षिणेस जागा निवडण्यात आली, नऊ किलोटन शक्तीच्या स्फोटाचा आराखडा झाला. योजनेचे पहिले नाव 'कॉल्ड्रन', म्हणजे कढई, असे होते. लोक दचकतील म्हणून ते बदलून 'ऑइलसँड' असे निरुपद्रवी केले गेले. पुढे अणुस्फोटांविषयीचे जगाचे मत पालटले, कॅनडा सरकारने १९६२ साली माघार घेतली, आणि ती योजना बारगळली. त्या काळच्या सुविद्य, सज्जन आणि कायद्याने चालणाऱ्या माणसांस ती अविचाराची वाटली नव्हती, एवढे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'हे करता येईल काय?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात बुद्धी एकदा रंगली की 'हे करावे काय?' हा प्रश्न तिच्या कानावर पडेनासा होतो.

आता प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. जेथे वाळूचा थर वर आहे तेथे उघडी खाण करितात. असा प्रदेश सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण गोव्याहून मोठा आहे. त्यावर सूचीपर्णी अरण्य असते, आणि अरण्याच्या खालीवर 'मस्केग' नावाची दलदल. ही दलदल म्हणजे आपल्याकडील चिखल नव्हे. हजारो वर्षे शेवाळ मरत गेले, थंडीमुळे ते कुजले नाही, आणि त्याचे थर वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने चढत गेले. त्यास पीट म्हणतात. तिच्या पोटात हवेतील कार्बन साठून राहिलेला असतो आणि ती पाणी गाळून नद्यांस पुरविते. खाणीसाठी प्रथम अरण्य तोडावयाचे, मग दलदलीतील पाण्याचा निचरा करून पीट खरवडावयाचे, मग खालची माती उपसावयाची, आणि तेव्हा वाळू लागते. एका पिंपासाठी, म्हणजे १५९ लिटर तेलासाठी, साधारण दोन टन वाळू खणावी लागते. एका खेपेस तीनचारशे टन माल वाहणारे ट्रक त्यासाठी रात्रंदिवस धावतात. पाण्याचा पुनर्वापर जमेस धरूनही एका पिंपामागे दोन ते चार पिंपे ताजे पाणी, मुख्यतः अथाबास्का नदीतून, घ्यावे लागते.

परंतु साठ्याचा सुमारे चारपंचमांश भाग इतका खोल आहे की तेथे खाण करिता येत नाही. तेथे जमिनीत दोन आडव्या नळ्या घालतात, वरच्या नळीतून वाफ सोडतात, आणि वितळलेले डांबर खालच्या नळीतून उपसतात. अरण्य यात पुष्कळसे वाचते, खाणीसारखा प्रचंड खड्डा पडत नाही. मात्र वाफ करण्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. जाळण्यास स्वच्छ असे इंधन जाळून त्याहून मलिन इंधन मिळवावयाचे, हा व्यवहार तूप जाळून करडईचे तेल काढण्यासारखा आहे. उत्खननापासून मोटारीच्या धुरापर्यंत सगळा हिशेब मांडला तर या तेलामुळे हवेत जाणारा कर्बवायू नेहमीच्या तेलापेक्षा साधारण १५ ते २० टक्के अधिक भरतो असे अभ्यासकांचे अनुमान आहे. मोटारीतून निघणारा धूर दोन्हींचा सारखाच. वाढतो तो काढण्याचा आणि शुद्ध करण्याचा.

आता त्या महाजनांच्या प्रश्नाकडे येतो. वाळूचे काय करितात? वाळूचे फारसे अवघड नाही. ती बसते, तिचे बांध घालतात. अवघड आहे ती वाळूबरोबर आलेली चिकणमाती. तिचे कण इतके बारीक असतात की ते पाण्यात तरंगतच राहतात. काही वर्षांत त्यांचा दह्यासारखा दाट रबडा होतो, आणि मग तो तसाच राहतो. दशके लोटली तरी त्यातून पाणी सुटत नाही. त्यात उरलेले डांबर असते, माशांस विषारी ठरणारी नॅफ्थेनिक आम्ले असतात. असा गाळ साठविण्यासाठी बांधलेल्या तलावांत आज एक लाख कोटी लिटरांहून अधिक द्रव साचलेला आहे. या ठिकाणी मला मनुष्याच्या कर्तृत्वाची एक विलक्षण मर्यादा दिसते. ज्याने वाळूपासून तेल वेगळे केले, कवीचा दृष्टांत खोटा पाडला, त्यास चिखलापासून पाणी वेगळे करणे साठ वर्षांत समाधानकारकपणे साधलेले नाही. आणि साधले नाही म्हणून तेल काढणे कोणी थांबविले नाही.

या तलावांवर पक्षी उतरू नयेत म्हणून काठाने वायूच्या तोफा उडवितात, पाण्यावर बुजगावणी तरंगत ठेवतात. शेतातील बुजगावणे पिकाचे पक्ष्यांपासून रक्षण करिते. येथे ते पक्ष्यांचे तलावापासून रक्षण करिते. २००८ च्या एप्रिलमध्ये सिनक्रूड कंपनीच्या अशा एका तलावावर ही व्यवस्था वेळेवर झाली नव्हती. उत्तरेकडे परतणारी बदके बर्फाळ प्रदेशात मोकळे पाणी दिसले म्हणून उतरली. सोळाशेहून अधिक बदके डांबरात माखून मेली. २०१० साली न्यायालयाने कंपनीस दोषी ठरवून ३० लाख डॉलर दंड केला. जगभर त्या बदकांची छायाचित्रे गेली, आणि पुष्कळांस हा विषय त्यांमुळेच ठाऊक झाला. मला मात्र दुसरी घटना अधिक अस्वस्थ करिते, कारण तिचे छायाचित्र निघण्यासारखे नव्हते. इम्पीरियल ऑइल या कंपनीच्या कर्ल येथील खाणीतून गाळाचे दूषित पाणी झिरपत असल्याचे २०२२ च्या मे महिन्यात दिसून आले. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथेच आणखी ५३ लाख लिटर पाणी बाहेर पडले, आणि तेव्हा पहिली गोष्ट उजेडात आली. नदीच्या खालच्या अंगास राहणारे लोक त्या नऊ महिन्यांत नेहमीप्रमाणे शिकार करीत होते, मासे धरीत होते. आम्हांस कोणी सांगितले नाही, अशी त्यांची तक्रार होती.

या लोकांचे मुख्य गाव फोर्ट चिपेवायन, अथाबास्का सरोवराच्या काठचे. तेथे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात बर्फावरून वाट होते, एरवी विमान किंवा होडी. विरळ प्रकारचे कर्करोग या लहान गावात अधिक आढळतात अशी शंका गावात येऊन जाणाऱ्या एका डॉक्टराने जाहीरपणे बोलून दाखविली, तेव्हा लोकांत अकारण भीती पसरविल्याबद्दल सरकारी आरोग्य खात्याने त्याच्याविरुद्धच तक्रार केली. पुढे आल्बर्टाच्या कर्करोग मंडळाने चौकशी करून २००९ साली अहवाल दिला: बारा वर्षांत ३९ रोगांची अपेक्षा असता ५१ आढळले. संख्या लहान असल्यामुळे कारण ठरविता येत नाही, अधिक निरीक्षण व्हावे, असे अहवालात म्हटले होते. शास्त्रदृष्ट्या हे म्हणणे योग्यच आहे, आणि खाणीमुळेच रोग झाले असे मी येथे म्हणत नाही. परंतु गाव लहान आहे म्हणून त्याचे दुःख सिद्ध होण्याइतके मोठे होऊ शकत नाही, ही स्थिती विचार करण्यासारखी आहे.

येथवर वाचून वाचकांची सहानुभूती एका बाजूस झुकली असेल. मीही हे सारे भाच्यास सुनावले, तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, फोर्ट मॅके गावाविषयी तुम्ही वाचले नाही." ते खरे होते. फोर्ट मॅके हे खाणींच्या अगदी मध्ये सापडलेले मूळ रहिवाशांचे गाव. जनावरांच्या कातड्यांचा व्यापार बसल्यावर त्यांच्या हाती काही राहिले नव्हते. त्यांनी खाणींस सेवा पुरविणाऱ्या स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि ते गाव संपन्न झाले. २०१७ साली या गावाने आणि मिकिस्यू क्री लोकांनी मिळून सनकोर कंपनीच्या एका तेलसाठ्यातील ४९ टक्के हिस्सा सुमारे ५० कोटी डॉलर देऊन विकत घेतला. त्यांच्याविषयी दुरून हळहळणाऱ्या आमच्यासारख्यांस ते काय म्हणतील? तथापि हेच गाव मूस लेक नावाच्या आपल्या उरलेल्या शिकारीच्या व व्रतवैकल्याच्या प्रदेशाजवळ नवा प्रकल्प येऊ लागला तेव्हा न्यायालयात गेले, आणि २०२० साली आल्बर्टाच्या अपील न्यायालयाने त्या प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. पैसा घ्यावा, पण सर्वच देऊ नये, एवढी रेघ त्यांनी स्वतः ओढली. ती कोठे ओढावी हे त्यांस सांगण्याचा अधिकार मला नाही.

भाच्याचे आणखी दोन मुद्दे होते. एक असा की जगास तेल हवे आहे, आम्ही नाही काढले तर दुसरा कोणी, कदाचित याहून सैल कायद्याच्या देशात, काढील. यात तथ्य नाही असे नाही. परंतु हा युक्तिवाद प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून करू शकतो, आणि ज्या युक्तिवादाने कोणताही माणूस कोणत्याही कर्मातून सुटू शकतो तो युक्तिवाद फार काही सिद्ध करीत नाही. मनुस्मृतीत मांसाच्या प्रकरणी घातक कोण याची गणना केली आहे. तीत मारणारा एकटा नाही. अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठ जण येतात. मांसाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, दोष वाटला गेला म्हणून कोणाच्या वाट्याचा कमी होत नाही, हे त्या गणनेचे मर्म आहे. या दृष्टीने पाहता आपणही त्या पंक्तीत आहोत. आल्बर्टातून प्रशांत महासागरापर्यंत नेलेली विस्तारित वाहिनी २०२४ च्या मे महिन्यात सुरू झाली, आणि त्याच वर्षी भारतातील एका मोठ्या शुद्धीकरण कंपनीने ते तेल विकत घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. माझ्या दुचाकीत त्याचा थेंब आला नसेलच असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसरा मुद्दा त्याने अधिक आग्रहाने मांडला, आणि मला तोच मुख्य वाटतो. तो म्हणाला, "आम्ही भूमी नुसती घेत नाही, परत करितो. कायद्याने ते बंधनच आहे."

हे खरे आहे. आणि म्हणूनच परत करणे म्हणजे काय, हा प्रश्न नीट पाहिला पाहिजे. आपल्या स्मृतिकारांनी न्यायव्यवहाराची अठरा प्रकरणे सांगितली. त्यांत पहिले ऋणाचे, दुसरे निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे. ही दोन शेजारी असली तरी त्यांचे न्याय निराळे आहेत. ऋण घेतलेला माणूस घेतलेलीच नाणी परत करीत नाही. तितक्याच मोलाची दुसरी देतो, वर व्याज देतो, आणि व्यवहार पुरा होतो. ठेव तशी नाही. जी वस्तू ज्या रीतीने हाती दिली तीच त्या रीतीने परत दिली पाहिजे. विश्वासाने ठेवावयास दिलेली आजीची पाटली वितळवून तितक्याच वजनाची साखळी परत केली तर सोनाराच्या तराजूत फरक पडणार नाही. पण तो ठेवीचा भंगच होय.

आल्बर्टाचा कायदा भूमी ज्या रूपात घेतली त्याच रूपात परत मागत नाही. तो 'समतुल्य क्षमता' मागतो, म्हणजे भूमीचा पूर्वीसारखाच काही ना काही उपयोग होऊ शकला की पुरे. म्हणजे तो भूमीस ऋण समजतो. पहिला कारखाना सुरू झाल्यानंतर ४१ वर्षांनी, २००८ साली, परत केलेल्या भूमीचे पहिले प्रमाणपत्र मिळाले. १०४ हेक्टर जागेस, तिचे नाव 'गेटवे हिल'. त्या वेळेपर्यंत शेकडो चौरस किलोमीटर भूमी उकरली गेली होती. गेटवे हिलवर झाडे आहेत, पाऊलवाटा आहेत, भाचा तेथे मुलांस घेऊन गेला आहे आणि जागा सुंदर आहे असे सांगतो. असेलही. पण तिच्या नावातच टेकडी आहे. खाणीतून उपसलेल्या मातीचा तो ढीग. जेथे पूर्वी सखल ओली भूमी होती तेथे आता कोरडी टेकडी उभी आहे. २०१२ साली आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब केला की, तोवर मंजूर झालेल्या खाणींमुळेच सुमारे २९ हजार ५०० हेक्टर पीटभूमी कायमची जाईल, कारण परत करण्याच्या आराखड्यांत तिच्या जागी मुख्यतः कोरडी अरण्ये आणि तलाव आहेत. दलदल पुन्हा निर्माण करण्याचे प्रयोग चालू आहेत हेही सांगितले पाहिजे. त्यांपैकी सनकोर कंपनीच्या २०१३ मधील एका कृत्रिम दलदलीस 'निकानोटी', क्री भाषेत भविष्य, असे नाव दिले आहे. प्रयोग प्रामाणिक आहे. पण हजारो वर्षांत जे जमले ते पुन्हा जमते की नाही हे त्या प्रयोगकर्त्यांपैकी कोणासही आपल्या हयातीत पाहावयास मिळणार नाही.

क्षणभर भूमी ऋणच आहे असे धरू. तरी ऋणास तारण लागते. आल्बर्टाच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ साली दाखवून दिले की, खाणींची भूमी पूर्ववत करण्याचा अंदाजे खर्च २ हजार ८० कोटी डॉलर असता त्यासाठी कंपन्यांकडून घेतलेले तारण १५७ कोटी डॉलर होते. आमच्या गावचा सावकार, ज्याच्याविषयी कोणीही कधी चांगले बोलले नाही, तोही इतक्या तारणावर इतके कर्ज देत नसे.

येथे माझ्याच मनात उठलेला एक आक्षेप लपविणे योग्य होणार नाही. आपल्या पूर्वजांनीही भूमी घेतलीच की. गोव्यातील खाजण शेते खाडीपासून बांध घालून मिळविलेली आहेत; जेथे आपण पिढ्यानपिढ्या भात पिकविले तेथे मूळ खारफुटी होती. ती ठेव आपण परत केली काय? या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस अडलो. मला सुचलेले उत्तर असे: ज्यांनी बांध पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे की तो दरवर्षी राखावा लागतो, आणि एकदा का फुटला की खाडी आत येते, थोड्या वर्षांत खारफुटी परत उगवते. खाडीने आपली वस्तू आपल्या हाती दिली, पण तिच्यावरचा हक्क सोडला नाही. आपण ती तशीच परत करू शकतो. किंबहुना आपण आळस केला तर ती स्वतःच परत घेते. खाणीच्या खड्ड्याचे असे नाही. सांगे किंवा डिचोली तालुक्यातील खनिजाचे डंप ज्यांनी पाहिले आहेत, पावसाळ्यात त्यांवरून उतरणारे तांबडे पाणी ज्यांच्या शेतात शिरले आहे, त्यांस हे अधिक फोड करून सांगावयास नको. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, पण डंप न्यायालयाच्या आज्ञेने खाली उतरले नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच आहे: जे परत कसे करावे हे आपल्यास ठाऊक नाही, ते परत करण्याच्या वचनावर घेऊ नये. घ्यावयाचेच असेल तर वचन न देता घ्यावे. मग निदान आपण काय करीत आहोत हे घेणाऱ्यास आणि देणाऱ्यास स्पष्ट दिसेल. १८९९ च्या आठव्या तहान्वये त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांस शिकार व मासेमारी पूर्वीप्रमाणे करिता येईल असे वचन मिळाले, आणि त्याच वाक्यात खाणी, लाकूडतोड, वसाहत इत्यादींसाठी वेळोवेळी लागणारी भूमी वगळली गेली. वचन आणि त्यातून सुटण्याची वाट एकाच वाक्यात असली की वचन देणाऱ्याचे मन हलके राहते. भर्तृहरीच्या त्या चरणातील मूर्ख मला माझ्या भाच्यात दिसत नाही, त्याच्या कंपनीतही दिसत नाही. ते सारे माझ्याहून शहाणे आहेत. मला तो या एका समजुतीत दिसतो की, आज जमले नाही ते पुढे कोणास तरी जमेलच, आणि म्हणून आज थांबण्याचे कारण नाही. या समजुतीचे मन वळविण्याचे काम अजून कोणासही साधलेले नाही, मलाही नाही. मी दुचाकी सोडलेली नाही.

देणगी कमिटीने स्वीकारली. मीही तिच्या बाजूने हात वर केला. ती नाकारावयाची तर त्याच न्यायाने पावतीपुस्तकातील पुष्कळ पाने फाडावी लागली असती, आणि पहिले पान कदाचित माझेच निघाले असते. त्या वृद्ध महाजनांस मी गाळाच्या तलावांविषयी सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की ते तलाव किती वर्षांनी रिकामे होतील. भाचा येत्या उन्हाळ्यात कुलदेवतेच्या दर्शनास येणार आहे. तो ज्या खाणीत काम करितो तेथील तलावाविषयी हा प्रश्न महाजन त्यास स्वतः विचारणार आहेत. त्यांनी तसे मला बजावून ठेवले आहे. भाच्याने आकडा सांगितला तर तो मी याच पानांतून वाचकांस कळवीन.